खाणीतला मिथेन पकडायचा तर तो पातळ होण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइट निघतं, ऊस तर निघतोच, पण कोळसा किलोभरही निघत नाही. तरी मागच्या महिन्यात पन्हाळ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यांनी मला कोळशाच्या खाणीबद्दलच प्रश्न विचारला. त्यांच्या गोठ्यामागे दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं होतं, की खाणीतला मिथेन नुसता हवेत सोडून देतात. ते म्हणाले, "आमी रोज शेण कालवून जो गॅस काढतोय, त्योच तिथं आयता येतोय आणि ही लोकं सोडून देत्यात? येड्यांचा बाजारच म्हणायचा की!"

प्रश्न रास्त आहे, आणि गॅस खरोखर तोच आहे. मिथेन म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले चार हायड्रोजन. गोबरगॅसमध्ये हा साधारण ५५ ते ६० टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. गाडीत भरतो त्या सीएनजीत तो ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गेलची मोठी पाइपलाइन आपल्या जिल्ह्यातून जाते, तिच्यातूनही मुख्यतः हाच वाहतो. कोळशाच्या थरात असतो तोही हाच. जळताना तिघांत काही फरक नाही.

फरक आहे तो टक्क्यांचा. पन्हाळ्याच्या टाकीत मिथेन कोंडलेला आहे आणि तो निम्म्याहून जास्त आहे. खाणीच्या पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत तो अर्धा टक्का असतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. या लेखात मी बाकी काहीही सांगितलं तरी गाडी फिरून याच आकड्यावर येणार आहे.

कोळशात गॅस बसतो कुठे?

बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर असं चित्र असतं की जमिनीखाली एक पोकळी आहे आणि तिच्यात गॅस भरलेला आहे. कोळशात तसं नसतं. आपल्याकडचा बहुतेक कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडापाल्याचा. तो दाबाखाली आणि उष्णतेत शिजत गेला तेव्हा त्यातून मिथेन तयार झाला. त्यातला बराचसा निसटून गेला. जो राहिला तो कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या आतल्या भिंतींना चिकटून बसला. ही छिद्रं इतकी बारीक आणि इतकी असंख्य असतात की एक ग्रॅम कोळशातल्या भिंती उलगडून पसरल्या तर एखाद्या घराची फरशी झाकली जाईल. म्हणून दगडासारख्या दिसणाऱ्या कोळशात त्याच्या आकारमानाच्या कितीतरी पट गॅस मावतो.

तिथे त्याला धरून ठेवतो तो दाब. वरच्या खडकांचा आणि भेगांमधल्या पाण्याचा. दाब गेला की गॅस भिंत सोडतो, भेगेत येतो आणि वाट मिळेल तिकडे निघतो. खाण खणणं म्हणजे नेमकं हेच, दाब काढून घेणं.

यातून दोन गोष्टी सरळ निघतात. थर जितका खोल, तितका दाब जास्त आणि गॅसही जास्त. आणि कोळसा जितका पिकलेला, म्हणजे जितका कार्बन जास्त आणि ओलावा कमी, तितकी त्याची गॅस धरायची ताकद जास्त. झरियाचा खोलवरचा कोकिंग कोळसा दोन्हीत पुढे आहे. चंद्रपूरचा उथळ, ओलसर कोळसा दोन्हीत मागे. विदर्भाकडे आपण नंतर येऊच.

पंखा कशासाठी?

हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. साडेनऊ टक्क्यांच्या आसपास तो सगळ्यात जोरदार असतो. ५ च्या खाली जळायला गॅस पुरत नाही, १५ च्या वर ऑक्सिजन पुरत नाही. मिथेन हवेपेक्षा जवळपास निम्म्याने हलका, त्यामुळे तो बोगद्याच्या छताला थर करून राहतो. खाली उभ्या माणसाला पत्ता लागत नाही, कारण त्याला वास नसतो. (घरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो.) भूमिगत खाणीत आणखी एक भर पडते. मिथेनच्या छोट्या स्फोटाने खाली साठलेली कोळशाची भुकटी उडते आणि मग ती भुकटी पेटते. हा दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा भयंकर असतो.

२८ मे १९६५ ला तेव्हाच्या बिहारमधल्या धोरी खाणीत अशा स्फोटात २६८ माणसं गेली. ही गोष्ट खूप जुनी झाली असं वाटत असेल, तर ६ सप्टेंबर २००६ घ्या. झरियातल्या भाटडीह खाणीत मिथेनचा स्फोट झाला आणि ५० कामगार गेले.

म्हणून भूमिगत खाणीच्या तोंडावर अजस्र पंखा असतो आणि तो रात्रंदिवस चालतो. खाणीतून हवा ओढायची, गॅस निघेल तसा तो तिच्यात मिसळून पातळ करायचा आणि बाहेर टाकायचा. आपल्याकडचा नियम सांगतो की कामाच्या भागातून परतणाऱ्या हवेत मिथेन ०.७५ टक्क्याच्या वर जाता कामा नये, आणि खाणीत कुठेही १.२५ टक्क्याच्या वर नाही. तो आकडा ओलांडला की वीज तोडायची आणि माणसं बाहेर काढायची.

म्हणजे पन्हाळ्याच्या शेतकऱ्यांना जो येडेपणा दिसला, तो खाणीतल्या माणसाचा जीव वाचवण्याचा उपाय आहे. तिथे गॅस पातळ करणं हेच पंख्याचं काम. मात्र ज्या कामाने माणूस वाचतो त्याच कामाने गॅस इंधन म्हणून निकामी होतो. खरी अडचण ही आहे, आणि ती कुणाच्या आळसातून आलेली नाही.

वाया किती जातं ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका मोठ्या खाणीचा पंखा सेकंदाला २०० घनमीटर हवा बाहेर टाकतो आणि तिच्यात मिथेन अर्धा टक्का आहे. म्हणजे सेकंदाला १ घनमीटर मिथेन. ऐकायला किरकोळ. पण दिवसाचे होतात ८६,४०० घनमीटर. दोन घनमीटरच्या गोबरगॅसमधून दिवसाला फार तर १.१ घनमीटर निव्वळ मिथेन मिळतो. म्हणजे त्या एका पंख्यातून सुमारे ७८ हजार गोबरगॅसचा मिथेन रोज आभाळात जातो. उष्णतेच्या भाषेत ते ३६ मेगावॅटच्या आसपास भरतं. फक्त तो गॅस दोनशे पट हवेत विरघळलेला आहे, आणि त्या हवेला काडी लावली तर काडी विझेपर्यंत जळते, हवा पेटत नाही.

आणि हवामानाचा हिशेब वेगळाच. शंभर वर्षांचा विचार केला तर एक टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. वीस वर्षांचा केला तर ८० टनांच्या आसपास. उलट एक टन मिथेन जाळला तर कार्बन डायऑक्साइड होतो पावणेतीन टन. त्यामुळे मिथेनच्या बाबतीत नुसता जाळून टाकला तरी हवामानाचं नुकसान दहा पटींनी कमी होतं. त्यातून वीज मिळाली तर ती वरकमाई. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगभरच्या कोळसा खाणींतून वर्षाला सुमारे ४ कोटी टन मिथेन निघतो.

मग पकडायचा कुठे?

आधी. कोळसा कापायच्या आधी. पातळ झालेला गॅस पुन्हा घट्ट करत बसण्यापेक्षा तो पातळच होऊ न देणं शहाणपणाचं, आणि या सगळ्या तंत्राचं सार एवढंच आहे.

त्याचा सगळ्यात चांगला प्रकार म्हणजे पूर्वनिचरा. ज्या थरात दोन-पाच वर्षांनी खाणकाम पोचणार आहे, त्यात आजच बोअर मारायचं. वरून उभं मारता येतं, किंवा खाणीतल्या बोगद्यातून थराच्या आतच आडवं, शेकडो मीटर लांब. मग पाणी उपसायचं. आपल्याकडे बोअर मारतात ते पाणी मिळावं म्हणून. इथे पाणी ही अडगळ असते. ते उपसलं की दाब उतरतो आणि कोळसा गॅस सोडायला लागतो. बोअर पाइपला जोडलेलं असतं, त्यामुळे मध्ये खाणीची हवा येतच नाही आणि ९० टक्क्यांहून शुद्ध मिथेन मिळू शकतो. असा गॅस दाबून सीएनजी करता येतो, पाइपलाइनला देता येतो. उपसलेलं पाणी पुष्कळदा खारट असतं, ते शेतात सोडून चालत नाही. त्याची विल्हेवाट हा एक स्वतंत्र खर्च.

अडचण वेळेची आहे. गॅस सावकाश येतो, महिने आणि वर्षं घेतो. त्यात थराच्या भेगा आवळलेल्या असतील तर आणखीनच सावकाश. कोळशाचं उद्दिष्ट मात्र दर महिन्याचं असतं. खाणीच्या व्यवस्थापकाला जाब विचारला जातो तो टनांचा, घनमीटरांचा कुणी विचारत नाही. पूर्वनिचरा मागे पडतो त्याचं मला दिसणारं मोठं कारण हे आहे.

दुसरी जागा म्हणजे गोफ. कोळसा काढून झाल्यावर मागचं छत कोसळू देतात, त्या ढिगाऱ्याच्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. छत पडलं की वरचे-खालचे न काढलेले थरही तडकतात आणि त्यांचा गॅस गोफमध्ये जमा होतो. तिथे बोअर घालून तो ओढून घेता येतो. याची शुद्धता मात्र भरवशाची नाही. ३० टक्के असेल, ८० असेल. जास्त जोराने ओढलं तर खाणीची हवा आत खेचली जाते, टक्का घसरतो, आणि त्या हवेने गोफमधला उरलेला कोळसा आपोआप तापून पेटायचा धोकाही वाढतो. झरियात कोळशाच्या आगी शंभर वर्षांहून जास्त काळ जळताहेत, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

घसरणारा टक्का इथे नुसता पैशाचा प्रश्न नसतो. मघाची ५ ते १५ ची खिडकी आठवा. पाइपमध्ये १० टक्क्यांचा गॅस वाहत असेल तर ती पाइप म्हणजे कित्येक मीटर लांबीचा बॉम्ब. म्हणून निचऱ्याचा गॅस ३० टक्क्यांच्या खाली आला तर तो वाहून नेऊ नये, वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. चीनने २००८ मध्ये याच आकड्यावर कायदा बेतला. ३० टक्के किंवा त्याहून जास्त मिथेन असलेला गॅस हवेत सोडायला बंदी, तो वापरलाच पाहिजे किंवा जाळला पाहिजे. त्याचा एक उलटा परिणाम झाल्याचं पुढे बोललं गेलं. गॅस मुद्दाम पातळ केला की नियमातून सुटका! नंतर चीनने ती मर्यादा ८ टक्क्यांवर आणली.

३० टक्क्यांच्या वरचा गॅस मिळत असेल तर गॅस इंजिन लावून वीज करणं सगळ्यात सोपं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या अॅपिन आणि टॉवर खाणींवर १९९६ पासून एकेका मेगावॅटची ९४ इंजिनं बसवली गेली. चीनच्या शान्शी प्रांतातल्या सिहे खाणीवर १२० मेगावॅटचं केंद्र आहे. म्हणजे तंत्र सिद्ध झालेलं आहे. गॅस भरपूर आणि घट्ट हवा, एवढीच अट.

तिसरी जागा पंख्याच्या तोंडाशी, तो अर्धा टक्का. भूमिगत खाणीतून निघणाऱ्या मिथेनपैकी निम्म्याहून बराच जास्त इथूनच जातो, म्हणून याचा नाद पूर्ण सोडूनही चालत नाही. ज्वाळा न लावता तो जाळायची एक युक्ती आहे. ती कळायला गुऱ्हाळावर गेलेलं असलेलं बरं. चुलवाण रात्रभर पेटलेलं असलं की त्याच्या विटा इतक्या तापतात, की सकाळी चिपाडाची मूठ टाकली तर काडी न लावता भडका उडतो. तसाच इथे सिरॅमिकच्या ठोकळ्यांचा एक मोठा थर आधी विजेने किंवा गॅसने हजार अंशांच्या आसपास तापवतात. मग खाणीची हवा त्यातून सोडतात. हवेतला मिथेन त्या उष्णतेने जळतो आणि त्याची बहुतेक उष्णता पुढच्या ठोकळ्यांत साठते. दर थोड्या वेळाने हवेची दिशा उलटी करायची, म्हणजे आता तापलेल्या बाजूने हवा आत येते आणि आधीच गरम होते. एकदा चालू झालं की ०.२ टक्क्याच्या आसपासच्या मिथेनवरही हे यंत्र स्वतःची उष्णता स्वतः टिकवतं. बाहेरून इंधन लागत नाही.

वीज करायची तर मात्र टक्का जास्त हवा. ऑस्ट्रेलियातल्याच वेस्ट क्लिफ खाणीवर २००७ मध्ये अशा यंत्राच्या उष्णतेवर वाफ करून ६ मेगावॅटचं जनित्र चालवलं गेलं. तिथे वापरलेल्या हवेत मिथेन ०.९ टक्क्याच्या आसपास होता. आपल्याकडच्या नियमात परतीच्या हवेला ०.७५ च्या वर जायची परवानगीच नाही, हे ध्यानात ठेवा. इथे असं यंत्र बसलं तर ते मुख्यतः मिथेन नष्ट करायला बसेल, विजेच्या कमाईवर त्याचा खर्च निघायचा नाही.

जाता जाता एक जुनी गोष्ट. हे सगळं आधुनिक वाटत असेल, पण इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनच्या खाणीत १७३० च्या दशकात कार्लाइल स्पेडिंग नावाच्या व्यवस्थापकाने थरातून येणारा गॅस पाइपने वर आणून जाळला होता. तिथले डॉक्टर विल्यम ब्राउनरिग यांच्या प्रयोगशाळेच्या भट्ट्या त्या गॅसवर चालत. याच गॅसवर गावचे रस्ते उजळायचा प्रस्तावही स्पेडिंगने दिला होता. गावच्या विश्वस्तांनी तो नाकारला.

भारतात काय झालं?

आपल्याकडे खाणीच्या मिथेनचं नाव घेतलं की मुनिडीह येतं. झरियातली भारत कोकिंग कोलची ही खोल, गॅसने भरलेली खाण. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या मदतीने तिथे १९९९ पासून प्रात्यक्षिक प्रकल्प चालला. २००८ मध्ये बोअरमधून निघालेल्या गॅसवर सुमारे अर्धा मेगावॅट वीज तयार करून ती तिथल्याच वसाहतीला दिली गेली. अर्धा मेगावॅट म्हणजे काहीच नाही, हे मान्य. आपल्या जिल्ह्यातला कुठलाही साखर कारखाना बगॅसवर याच्या कितीतरी पट वीज करतो. पण भारतीय कोळशातून, चालू खाणीच्या हद्दीत, हे जमतं एवढं त्यातून दिसलं.

मग ते पसरलं का नाही? एक कारण कागदातलं आहे, आणि ते सातबारा पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. जमीन एकाची, तिच्यातल्या झाडावर हक्क दुसऱ्याचा, अशी भानगड असते ना, तशी. कोळसा हा कोळसा मंत्रालयाच्या अखत्यारीतला आणि त्याच थरातला गॅस पेट्रोलियम मंत्रालयाच्या. १९९७ च्या धोरणाप्रमाणे गॅसचे ब्लॉक वेगळे लिलावात निघत होते. कोल इंडियाकडे कोळसा काढायचा हक्क होता, पण त्यातला गॅस विकायला वेगळा परवाना लागे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला आणि आपल्या कोळसा क्षेत्रातला गॅस काढायला कोल इंडियाला वेगळ्या परवान्याची गरज उरली नाही. इतकी वर्षं गॅस निघत राहिला तो राहिलाच.

दरम्यान, जिथे खाणकाम चालू नाही अशा थरांमधून गॅस काढायचा धंदा भारतात उभा राहिला. पश्चिम बंगालमध्ये राणीगंजला ग्रेट ईस्टर्न एनर्जीने २००७ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू केलं. मध्य प्रदेशात शहडोलजवळ सोहागपूर ब्लॉकमधून रिलायन्सचं २०१७ मध्ये सुरू झालं, आणि तो गॅस ३०२ किलोमीटरच्या पाइपलाइनने उत्तर प्रदेशातल्या फुलपूरला जातो. बातम्यांमध्ये हे आणि खाणीतला मिथेन एकाच पिशवीत भरतात. गॅस तोच असला तरी एकात गॅससाठीच विहिरी खणतात, दुसऱ्यात कोळशाच्या वाटेत आलेला गॅस सांभाळतात. हवामानाला खरा फायदा दुसऱ्यात आहे, कारण तो गॅस नाहीतर हवेत जाणारच असतो. पहिल्यातला गॅस न काढता जमिनीत राहिला असता.

आणि विदर्भ?

हा प्रश्न मला दोन-तीनदा तरी विचारला गेलाय. महाराष्ट्रात एवढा कोळसा आहे, मग त्यातल्या गॅसवर नागपूर-पुण्याच्या बसगाड्या का चालू नयेत?

भूमिगत खाणींची गॅसप्रमाणे प्रतवारी धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय करतं. टनामागे १ घनमीटरपर्यंत गॅस निघाला आणि खाणीच्या हवेत तो ०.१ टक्क्याच्या वर गेला नाही तर पहिली श्रेणी. त्याच्या वर, १० घनमीटरपर्यंत दुसरी. १० च्या पुढे तिसरी. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या सावनेर, सिल्लेवाडा अशा विदर्भातल्या भूमिगत खाणी बहुतेक पहिल्या श्रेणीतल्या. तिथल्या कामगारांच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी. पण पहिल्या श्रेणीच्या खाणीच्या पंख्यातली हवा तापलेल्या सिरॅमिकच्या यंत्रालासुद्धा पुरणार नाही.

शिवाय विदर्भातला बहुतेक कोळसा भूमिगत खाणींतून येतच नाही. उमरेड, पद्मापूर, दुर्गापूर, सास्ती, घुग्घुस या उघड्या खाणी. वरची माती-खडक काढून कोळसा उघडा पाडायचा आणि शॉव्हेलने उचलायचा. तिथे पंखा नाही, बोगदा नाही, गॅसला बाहेर पडायला एक तोंड नाही. किलोमीटरभर पसरलेल्या काळ्या उतारावरून तो निघतो आणि वाऱ्याबरोबर जातो. त्याला पाइप लावायचा तरी कुठे? भारत संयुक्त राष्ट्रांना जो उत्सर्जनाचा हिशेब देतो, त्यात धनबादच्या सिम्फर या सरकारी संशोधन संस्थेने काढलेले दर वापरतात. उघड्या खाणीसाठी खणताना टनामागे १.१८ घनमीटर. तिसऱ्या श्रेणीच्या भूमिगत खाणीसाठी २३.६४. वीस पटींचा फरक.

१.१८ घनमीटर मिथेनमध्ये उष्णता किती? ज्या एक टन कोळशाबरोबर तो निघाला त्याच्या उष्णतेच्या पाव टक्का, ढोबळमानाने. म्हणजे समजा जादूने तो सगळा पकडता आला, तरी चारशे ट्रक कोळशामागे एका ट्रकाएवढी उष्णता हाती लागेल. हा इंधनाचा साठा नव्हे. वर्धा खोऱ्यातला एक ब्लॉक कोळशाच्या थरातल्या गॅससाठी २००३ च्या फेरीत ओएनजीसीकडे गेलाही होता. पुढे तो सोडून देण्यात आला.

माझं मत विचाराल तर, विदर्भात खाणीच्या मिथेनवर सार्वजनिक पैसा घालू नये. तोच पैसा झरियात घालावा, जिथे गॅस आहे आणि जिथे निचऱ्याने माणसंही वाचतील. पूर्वनिचरा झालेल्या थरात काम करताना कापणाऱ्या यंत्रासमोर निघणारा गॅसच कमी असतो. भाटडीहसारख्या खाणींत मला तो फायदा विजेपेक्षा मोठा वाटतो. महाराष्ट्राला मिथेनच हवा असेल तर तो आपल्याकडे वेगळ्या रूपात पडलेला आहे. डिस्टिलरीची मळी, कारखान्याचा प्रेसमड, शेण. या सगळ्यांत गॅस पहिल्यापासून टाकीत आणि पहिल्यापासून घट्ट. फक्त त्या टाकीची झाकणं आणि नळ्या गळक्या नकोत, कारण गळलेला गोबरगॅस हवामानाला खाणीच्या गॅसइतकाच बाधतो.

इंधन म्हणून नगण्य, याचा अर्थ हवामानासाठीही नगण्य असा मात्र नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स वर्षाला साडेसहा-सात कोटी टन कोळसा काढते. त्यात मध्य प्रदेशातल्या खाणीही आल्या आणि थोड्या भूमिगतही, पण सगळ्याला उघड्या खाणीचाच दर लावला तरी वर्षाला पावणेआठ कोटी घनमीटरच्या पुढे मिथेन होतो. कार्बन डायऑक्साइडच्या मापात चौदा-पंधरा लाख टन. हा गॅस पकडता येत नाही. फार तर खणायच्या आधी खोलवरच्या थरात बोअर मारून त्यातला काही काढता येईल, आणि तेही उघडी खाण बरीच खोल जाणार असेल तरच खर्चाला परवडेल.

शेवटी एक खुलासा, कारण हा गोंधळ नेहमी होतो. भद्रावतीकडच्या कोळसा वायूकरणाच्या बातम्या अधूनमधून येतात. त्याचा या लेखातल्या मिथेनशी संबंध नाही. वायूकरणात कोळसा वर आणून, बंद भट्टीत ऑक्सिजन आणि वाफ देऊन त्याचाच कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करतात, आणि त्यापासून पुढे खत, मिथेनॉल वगैरे. तिथे कोळसा संपतो, इथे कोळशाबरोबर आलेला गॅस. त्यावर वेगळं लिहायचं आहे, पुढच्या महिन्यात लिहितो.